कार्डावरची कोन्सिल्या

गोझो या छोट्या बेटावरच्या सन्नात गावातली कोन्सिल्या बोलायला कमी आणि हाताला चपळ. ती सात वर्षांची असताना मठातल्या सिस्टरनी तिच्यापुढे लेस विणायची लांबोडकी उशी ठेवली, तशीच शेजारच्या सावेर्यापुढेही. सावेर्याचा धागा दर दोन ओळींनी गुंतायचा. सिस्टरची पाठ वळली की कोन्सिल्या तो गुपचूप सोडवून द्यायची. बदल्यात सावेर्या दोघींच्या वाटचं बोलायची. ही वाटणी पुढे साठ वर्षं टिकली.

कोन्सिल्याचं लग्न दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या ग्रेत्सूशी झालं. मूलबाळ नव्हतं. ग्रेत्सू गेला तेव्हा तिनं उशी कपाटावर टाकून दिली आणि खिडक्या लावून घेतल्या. चार महिन्यांनी सावेर्या दार ठोठावत आली.

"किती दिवस अशी बसणारेस? किल्ल्यात दुकान घेतलंय मी. तू नुसती दारात बसून वीण. जहाजातली माणसं बघत उभी राहतील."

"मला त्यांची भाषा येत नाही."

"मला येते की. तू हात चालव, मी तोंड चालवते."

कोन्सिल्या त्या दिवशी बऱ्याच काळानं हसली.

मग अकरा वर्षं हाच क्रम चालला. पर्यटकांचं मोठं जहाज शेजारच्या मुख्य बेटावर लागलं की बोटींतून माणसांचे घोळके गोझोवर उतरत आणि गाइडच्या मागून किल्ल्याचा चढ चढत. वर आल्यावर पहिल्यांदा दिसायची ती दारातली कोन्सिल्या. भिंतीला टेकवलेली उशी आणि तिच्यावर टाचण्यांभोवती खटखट करणाऱ्या, धागा गुंडाळलेल्या लाकडी फिरक्या. माणसं फोटो काढत, आत जात आणि पिशव्या घेऊन बाहेर येत. एक रुमाल विणायला तिला महिना लागे. झाला की ती तो सावेर्याच्या हाती देई आणि नवा सुरू करी. आपलं काम दूरदूरच्या घरांत जातंय, एवढं समाधान तिला पुरे होतं. दुकानात आतवर ती कधी फिरली नाही. मैत्रिणीच्या कपाटात कशाला डोकावायचं?

एका मे महिन्यात जहाजातून एक म्हातारी बेल्जियन बाई आली. इतरांसारखा तिनं फोटो काढला नाही. ती खुर्चीजवळ वाकून कोन्सिल्याच्या बोटांकडे बघत राहिली आणि मग स्वतःची बोटं हवेत तशीच फिरवून दाखवली. तीही विणणारीच होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. बाई आत गेली, एक रुमाल घेऊन आली आणि त्याची उलटी बाजू कोन्सिल्यापुढे धरली.

"हे तुमचं?" तिनं खुणेनं विचारलं.

रुमालाला एक कार्ड टाचलेलं होतं. त्यावर कोन्सिल्याचा फोटो आणि खाली तिचं नाव होतं. लेसमध्ये गव्हाच्या दाण्यांची नक्षी होती, आणि सगळे दाणे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे. हातानं विणलेला दाणा असा कधीच येत नाही. कडेला धागे यंत्रानं कापलेले होते.

कोन्सिल्यानं मान वर केली. आतून सावेर्या बघत होती. तिनं डोळ्यांनीच विनवलं.

"हो," कोन्सिल्या म्हणाली.

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तिनं रुमालाची नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

घोळका उतरून गेल्यावर कोन्सिल्या पहिल्यांदाच आतल्या कपाटांपाशी गेली. खणच्या खण तसल्याच रुमालांनी भरलेले होते. प्रत्येकावर तिचा चेहरा.

"अगं, महिन्याला एक रुमाल होतो तुझा," सावेर्या म्हणाली. "जहाजातून शेकड्यांनी माणसं येतात. त्यांना काय देऊ मी? त्यांना थोडंच कळतंय?"

"तिला कळलं."

"एकीला कळलं. अकरा वर्षांत एकीला."

"माझे रुमाल कुठं गेले?"

सावेर्या टेबलावरचे रुमाल सारखे करत राहिली. "तिकडे मुख्य बेटावर, वालेट्टातल्या काही बायका घेतात. जाणकार आहेत. त्यांना सांगितलंय की मी विणते."

"तू?"

"मग काय करू? नकली मालावर तुझं नाव होतं ना. तेच नाव खऱ्यावर लावलं असतं, तर कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून बघितलंच असतं."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली, की काही क्षण कोन्सिल्याला त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती दाराकडे वळली. चोरीपेक्षाही तिला स्वतःचा तो 'हो' जास्त झोंबत होता. तिनं उशी उचलली आणि बसनं घरी आली.

आठवडाभर तिनं वाट पाहिली. सावेर्या येईल, रडेल, निदान भांडेल तरी. सावेर्या आली नाही. शेजारणीकडून कळलं की दारातल्या खुर्चीत आता सावेर्याची चुलत नणंद बसते. तिला विणता येत नाही, नुसत्या फिरक्या वाजवते.

पुढच्या जहाजाच्या दिवशी कोन्सिल्या चर्चला जायचा काळा झगा घालून किल्ल्यावर गेली. दुकानात गर्दी होती. ती टेबलापाशी उभी राहिली आणि एकेका रुमालाची टाचणी काढून कार्ड झग्याच्या खिशात टाकू लागली. माणसं बाजूला सरली.

"कोन्सू, गिऱ्हाइकं आहेत," सावेर्या ओठांतल्या ओठांत म्हणाली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"दिसतायत मला."

"नंतर बोलू ना आपण."

"तूच बोलत आलीस, सावेर्या. मी फक्त माझं तोंड घेऊन चाललेय."

टेबलावरची आणि मग खणांतली सगळी कार्डं काढायला पाऊण तास लागला. कुणी अडवलं नाही. घरी येऊन तिनं ती चुलीत घातली.

सावेर्यानं नंतर नवी कार्डं छापली, नणंदेच्या फोटोची. धंदा तसाच चालला. कोन्सिल्या आता मागच्या अंगणात लिंबोणीखाली विणते, आणि हव्या त्या माणसाला रुमाल देते. रविवारी दोघी अजूनही चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, कारण ती जागा दोघींच्या आयांची होती आणि सोडायची दोघींचीही तयारी नाही. प्रार्थनेत शेजाऱ्याशी हात मिळवून त्याला शांती देण्याची वेळ आली की सावेर्या हात पुढे करते. कोन्सिल्या मागे वळते आणि मागच्या बाकावरच्यांशी हात मिळवते.