पट्टे मिटेपर्यंत

चारुलताबाईंच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि नळाच्या तोट्या वर्षभरात पांढऱ्या होतात. म्हसावदमध्ये या पाण्याला सगळेच नावे ठेवतात. आफ्रिकेतल्या एका सरोवरातल्या माशांना मात्र असेच जड पाणी मानवते. हे कळल्यावर चारुलताबाईंनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत टाक्या मांडल्या. उन्हाळ्यात टाक्यांना ओली गोणपाटे गुंडाळली, वीज गेली की हवेचा पंप बॅटरीवर चालू ठेवला आणि एकच जात सांभाळली, यलो लॅब. हळदीसारखा पिवळा मासा, पाठीच्या पंखावर काजळाची रेघ.

या जातीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्ले पोहायला लागेपर्यंत काही खात नाही. सासू कमलबाई टाकीपुढे खुर्ची टाकून बसतात आणि सुनेला ऐकू जाईल असे बोलतात, "मासी तोंडमा पोरं लिसन उपाशी ऱ्हास, तरी बोलत नही. आमनी सुननं तोंड कव्हय बंद व्हस नही!"

जाती एका टाकीत मिसळल्या की पंचाईत होते. यलो लॅबच्या मादीला झेब्रा जातीचा नारिंगी नर चालतो. पिल्ले होतात, जगतात आणि लहान असताना अस्सल पिल्लांसारखीच पिवळी दिसतात. मोठी झाल्यावर अंगावर मळकट पट्टे येतात, काजळाची रेघ येत नाही. बाजारात यांना 'मिक्स' म्हणतात. मिक्स विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा जात नाही. चारुलताबाईंकडे मिक्स नव्हते. शहाद्यापासून सुरतपर्यंतचे दुकानदार 'म्हसावदवाल्या वहिनींचे पिवळे' असे नाव घेऊन मासे मागत.

ते नाव भूपेशने एका वाक्यात घालवले. भूपेशचे नंदुरबारला माशांचे दुकान आहे. तो चारुलताबाईंकडूनच पिल्ले नेत असे. मिरचीच्या बाजाराजवळच्या हॉलमध्ये माशांचे प्रदर्शन भरले होते. चारुलताबाईंचे मासे एसटीतून कॅनमध्ये हिंदकळत आले होते. घाबरलेल्या यलो लॅबच्या अंगावर फिकट पट्टे उठतात आणि मासा शांत झाला की मिटतात. भूपेशला हे माहीत होते. तरी त्याने टाकीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर सांगितले, "देखा, पट्टा! ह्या मासा मिक्स शेतस."

संध्याकाळी घरी पट्टे मिटले. ते पाहायला कमलबाईंशिवाय कोणी नव्हते. दुकानदारांचे फोन यायचे बंद झाले. गावात नाव पडले, खिचडीवाली. पुढच्या महिन्यात भूपेशच्या दुकानावर पाटी लागली, 'चोख यलो लॅब येथे मिळतील'. मासे चारुलताबाईंच्याच वाणाचे होते.

त्या भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी पुढच्या खोलीत मोठी टाकी आणली. तिच्यात आपल्या काही पिवळ्या माद्या आणि एकच नर सोडला, झेब्रा. मागची खोली तशीच ठेवली.

"हिशोब साधा होता," त्या सांगतात. "नवीन रक्त नसलं की वाण वाकतो. त्याच्याकडे भावाबहिणींचीच पिल्लं होणार, पाठी वाकड्या निघणार. चोख पिवळे आसपास दुसऱ्या कोणाकडे नव्हते. त्याला माझ्याच दारात यावं लागणार होतं."

दोन उन्हाळे गेले आणि भूपेश आला. ओसरीवरच्या टबात पिवळी पिल्ले पोहत होती.

"वहिनी, ह्या दी द्या."

"मांगल्या खोलीमधला मासा मी कोनलेच देत नही. ह्या पुढल्या टाकीमधल्या शेतस. मिक्स शेतस."

भूपेश हसला. "मन्हासमोर नका सांगू, वहिनी. तुमना मासा कसा शेतस, ते मन्हापेक्षा कोनले माहीत?"

"झेब्राना शेतस, भूपेशभाऊ. देखी ल्या, टाकीमा दुसरा नर नही."

"राग आजून गया नही वाटस!"

कमलबाई ओसरीवरच होत्या. त्या म्हणाल्या, "अरे भाऊ, ती खरं सांगी ऱ्हायनी." भूपेशने त्यांनाही हसून हात जोडले. ज्याने हा आरोप स्वतःच रचला, त्याला तो खरा वाटणे शक्य नव्हते. त्याने पिशव्यांत पिल्ले भरली आणि गेला.

पुढचे प्रदर्शन त्याच हॉलमध्ये भरले. भूपेशच्या टाकीत तीच पिल्ले होती, आता मोठी. अंगावर नुकतेच पट्टे उठले होते.

सुरतला माल पाठवणारे रेवजी वाकून पाहत होते. भूपेश म्हणाला, "घाबरेल शेतस. पट्टा निंघी जातीन."

"मंग मी आठेच बठसू," मागून चारुलताबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसल्या. दुपारी तिथेच डबा उघडून भाकरी आणि ठेचा खाल्ला. येणारे-जाणारे आधी त्यांच्याकडे पाहत, मग टाकीकडे. मासे शांत झाले, खाऊ लागले, एकमेकांच्या मागे धावू लागले. पट्टे तसेच राहिले.

उन्हे उतरल्यावर रेवजींनी विचारले, "भूपेश, ह्या कोनकडथीन लयना रे?"

"ह्या वहिनीकडथीन! यासनीच मले फसाडं."

"मी सांगेल व्हतं, मिक्स शेतस. सासू साक्षीले शे."

रेवजी भूपेशकडे वळले. "मांगे तूच सांगं ना, यास्ना मासा मिक्स शेतस म्हनीसन? मंग लिधात काबरं?"

भूपेशने गर्दीकडे पाहिले, मग टाकीकडे. काहीतरी पुटपुटला.

"जोरमा सांगा," चारुलताबाई म्हणाल्या. "रेवजीभाऊले ऐकू उनं नही."

"यास्ना मासा चोख व्हतात. तव्हय मी खोटं बोलनू."

चारुलताबाईंनी खुर्ची उचलून भिंतीला लावली, डबा पिशवीत टाकला आणि बस पकडली. दुकानदारांचे फोन त्याच आठवड्यात सुरू झाले. भूपेशच्या दुकानावरची पाटी उतरली. आता खिचडीवाला म्हणून तो ओळखला जातो.

दिवाळीनंतर तो पुन्हा म्हसावदला आला. ओसरीवर तोच टब होता, पिवळ्या पिल्लांनी भरलेला.

"चोख शेतस," चारुलताबाई म्हणाल्या. "मांगल्या खोलीमधल्या. ल्या."

ती पिल्ले खरोखरच चोख होती. भूपेश टबावर वाकला. पिल्ले इतकी लहान होती की चोख की मिक्स, ते कळण्यासारखे नव्हते. त्याने चारुलताबाईंच्या तोंडाकडे पाहिले, मग कमलबाईंकडे. त्याने रिकामी पिशवी खिशात कोंबली आणि फाट्याकडे चालू लागला.

चारुलताबाईंनी टबात चिमूटभर खाऊ टाकला.