वकीलकाकांची खुर्ची

आमच्या वकीलकाकांना ऐकू यायचं नाही. म्हणजे, त्यांना नको असेल तेव्हा यायचं नाही.

महाडच्या कोर्टासमोर त्यांची एका खोलीची कचेरी होती. तिथं हातांची वेताची एकच खुर्ची, आणि तिच्यावर ते स्वतः कधी बसत नसत. तिथं बसायचा त्यांच्या हाताखालचा नवा वकील. काका पक्षकारांच्या बाकावर, चपला काढून, मांडी घालून. "मला उमेदवारीत कुणी बाकसुद्धा दिला नाही," म्हणायचे. "कोर्टाच्या पायरीवर बसून अर्ज लिहिले. म्हणून खुर्ची घेतली ती दुसऱ्याला बसायला." हा दुसरा म्हणजे आमच्यासारखा, बौद्धवाडीतला नाहीतर आदिवासीवाडीवरचा, ज्याच्या घरचे कोर्टात गेले ते आरोपी म्हणून, फार तर साक्षीदार म्हणून. काका आमच्यातलेच. तालुक्यात काळा कोट घालणारे आमचे पहिले.

मी तुडीलच्या बौद्धवाडीतली. मुंबईहून वकिली शिकून आले तेव्हा किती शहाणी होते, हे नातवंडांना सांगितलं तर घरात माझी किंमत राहणार नाही. भर मे महिन्यात काळा कोट घालून एसटीत बसायचे. का, तर गाडीतल्या सगळ्यांना कळावं. महाड येईपर्यंत कॉलरची खळ घामानं विरघळलेली. सगळ्या कचेऱ्यांतून 'जागा नाही' ऐकून झाल्यावर काकांकडे गेले, तरी तोरा असा, की जणू मीच त्यांच्यावर उपकार करतेय. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मी लगेच बसले. 'आणि तुम्ही?' असं विचारायचंही सुचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात पोलादपूरकडचे एक शेतकरी आले. बांधाचं भांडण. मला पाहून ते थेट काकांकडे वळले. "वकीलसाहेब, या पोरीला काय समजतंय? आडनाव काय हिचं?"

काकांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? कान गेले हो माझे. बाईंना सांगा."

शेतकरी ओरडून बोलू लागले. समोरच्या चहावाल्याला अख्खा दावा समजला, काकांना नाही. शेवटी घसा बसला तेव्हा नाइलाजानं माझ्याकडे वळले. "ऐक तर बाय."

मी पेन सरसावलं आणि ऐटीत विचारलं, "कॉज ऑफ ॲक्शन कधी उद्भवलं?"

"उद्भवलं बिद्भवलं काय नाय गो, बांध फोडलान त्यानं!"

बाकावरच्या बहिऱ्या काकांना जोराचा खोकला आला.

ते गेल्यावर काकांनी माझी उलटतपासणी घेतली. शब्दन् शब्द ऐकलेला. "तीनदा 'मला वाटतं' म्हणालीस. तुला काय वाटतं ते कोण विचारतंय? कागद काय म्हणतो ते सांग." आडनावाच्या प्रश्नाबद्दल एवढंच, "तेच तुला एक दिवस वकीलबाई म्हणतील. तोवर मला ऐकू येणार नाही."

दावा आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षी तेच शेतकरी भावकीतल्या कुणाला घेऊन आले आणि दारातून म्हणाले, "वकीलबाई कुठं हायत?" काकांना ते पहिल्या हाकेला ऐकू आलं.

माझ्यानंतर त्या खुर्चीत बरेच जण बसले, उठले, आपापल्या पाट्या लावून मोकळे झाले. मीही लावली. काकांचे आभार मात्र मानायचे राहिले. आपण आपल्या हुशारीनं वर आलो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुन्हा 'मला वाटतं'च.

अलीकडे पोलादपूरच्या आदिवासीवाडीवरची सुगंधा माझ्या हाताखाली आली. तिनं पहिला दावा उभं राहून चालवला, जिंकला, आणि मागे बसून ते बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर व्हरांड्यात काका काठी टेकून बसले होते. काम सुटलं तरी कोर्टात यायचे. मी वाकून म्हटलं, "काका, तुम्ही खुर्ची दिलीत म्हणून मी आहे. हे फार आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं."

आजूबाजूचे वकील हसले. मीही हसले. "माझ्याशीसुद्धा नाटक? पुरे झालं, काका!" काकाही हसले. मी फायली उचलून निघाले.

महिन्याभरात काका गेले. भेटायला गेले तेव्हा काकी म्हणाल्या, "दोन वर्सं त्यांना कायच ऐकू येत नव्हतं गो. 'पोरांना सांगू नको, नाटक समजतायत ते बरं हाय,' म्हणायचे. त्या दिवशी कोर्टातनं आले नि मलाच विचारतात, 'ती कायतरी बोलली, डोळे भरलेले तिचे. काय बोलली असेल?'"

मी काकींना ते वाक्य सांगितलं. चांगलं मोठ्यानं सांगितलं.

वेताची खुर्ची आता माझ्या कचेरीत आहे. तिच्यात सुगंधा बसते, मी बाकावर. पक्षकार तिला ओलांडून माझ्याशी बोलू लागला, की माझा हात आपोआप कानामागे जातो. पण हल्ली उजव्या कानानं खरंच कमी ऐकू येतं. परवा कचेरी बंद करताना सुगंधा हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय?" ती हसत दाराकडे वळली. "बाई, माझ्याशीपण?"

मी उठून तिचा हात धरला. "नाही गो, खरंच नाही आलं ऐकू. परत सांग."