मामांचे दोन हजार जबडे

आमच्या मामांच्या घरात माणसं तीन आणि जबडे दोन हजार. घाबरू नका, जबडे प्लास्टरचे. मामा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, मामा त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढायचे, त्यावर मेणाची हिरडी, हिरडीत दात आणि मग पक्की कवळी. एक्केचाळीस वर्षं हेच. कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात जायची, जबडा मामांच्या फळीवर. "तुटली तर पुन्हा लागेल," असं त्यांचं म्हणणं. कवळ्या तुटल्या, घालणारे गेले, जबडे राहिले. मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत भरलेली. लहानपणी सुट्टीत मला त्याच खोलीत झोपवायचे. त्यामुळे कुणी फार दात दाखवून बोललं की मला अजूनही संशय येतो.

मामी गेली आणि सात महिन्यांनी ताईने, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीने, फर्मान काढलं. घर विकायचं आणि मामांनी तिच्या शेजारच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला यायचं. मामांचे गुडघे कधीच संपावर गेले होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कपाट देऊन टाकलं, पलंग दिला, शिलाई मशीन दिलं. एका शब्दाने कुरकुर नाही. अडले ते जबड्यांपाशी.

"बाबा, एक खोकं. एकच. त्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाली.

"खोकं कशाला? मला एकच न्यायचाय. तुझ्या आईचा."

"मग घ्या की! भांडतंय कोण?"

भांडण असं कुणाशी नव्हतं. पंचाईत होती. प्रत्येक जबड्याच्या बुडाशी मामांनी पेन्सिलीने नंबर घातलेला, आणि कोणता नंबर कुणाचा हे जाड वहीत. मामीच्या जबड्यालाच तेवढा नंबर नव्हता. घरच्या कामाला नंबर कशाला, असा मामांचा खाक्या. ज्याला नंबर नाही तो घरचा, इतका सोपा हिशोब. पण एक्केचाळीस वर्षांत शंभरेक जबड्यांचे नंबर पुसले गेले होते, आणि आता ते सगळेच घरचे झाले होते.

हा एवढा अट्टहास का, असं ताईनेही विचारलं. मामांनी अल्बम पुढे केला. लग्न, बारसं, सहली. कवळी बसल्यापासूनच्या प्रत्येक फोटोत मामी तोंडावर हात धरून उभी.

"तोंड म्हणून तिचं तेवढंच उरलंय," मामा म्हणाले. ताईने मग वाद सोडला. ती वाद सोडते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

ट्रक दुसऱ्या दिवशी अकराला यायचा होता. बाराला नवे मालक किल्ली न्यायला. मामा सकाळी सहालाच मागच्या खोलीत स्टूल टाकून बसले. हातात प्लास्टिकची डबी. दवाखान्यातून मामीच्या वस्तू परत मिळाल्या त्यात ही डबी होती आणि डबीत तिची वरची कवळी. कवळी ज्याची त्याच्याच जबड्यावर बसते, कुलूप-किल्लीसारखी. मामा एकेक बिननंबरी जबडा उचलायचे, त्यावर कवळी टेकवायचे, आणि ती डुगडुगली की खाली ठेवायचे.

नऊला मलबा नेणारी माणसं आली. खोलीच्या एका टोकाला मामा आणि दुसऱ्या टोकाला फावडं, अशी शर्यत सुरू झाली. "नंबरवाले तेवढे घ्या हो, नंबरवाले!" मामा ओरडत होते. प्लास्टरवर प्लास्टर आदळत होतं. दोन हजार माणसं एकदम दात वाजवताहेत असा आवाज.

"काका, याचं करता काय तुम्ही?" मलबेवाल्यांचा मुकादम विचारत होता. "वजनावरसुद्धा कुणी घेणार नाही."

"तुझा आजा असेल बघ त्यात एखादा. जपून भर," मामा म्हणाले. हा त्या दिवसातला त्यांचा शेवटचा विनोद.

दहा वाजून गेल्यावर एका जबड्यावर कवळी टक् करून बसली. डुगडुग नाही, फट नाही. मामांनी दोनदा काढून पुन्हा बसवली. "ताई! अगं ये! सापडली तुझी आई!" ताई हातातली चादर टाकून धावत आली. मामांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला होता. त्यांनी कवळी काढली आणि अंगठा हळूच जबड्याच्या टाळूवरून फिरवला. तिथे अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

इथे एक घरातली गोष्ट सांगायला हवी. मामीच्या टाळूला मधोमध हाडाचा उंचवटा होता, वाटाण्याएवढा. माप घेताना मामांच्या बोटाला लागला तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, तुझ्या तोंडात टेकडी आहे!" तेव्हापासून मामी रागावली की मामा आम्हाला डोळा मारून सांगायचे, "पळा, टेकडी तापली."

या जबड्याची टाळू सपाट होती.

"ही ती नाही," मामा म्हणाले.

"पण बसली ना?"

"बसली. म्हणूनच ही ती नाही." ताईला काही कळेना. मामांनी वही ओढली. ताईच्या लग्नाचा आठवडा काढला, कारण मामीची कवळी त्याच घाईत झाली होती, फोटोत दात हवेत म्हणून. त्या आठवड्यात बाहेरचं एकच काम होतं. अकराशे चाळीस, पोस्टातल्या बाई, वरची. मामांचं बोट त्या ओळीवर टेकलं ते टेकलंच.

दोन जबडे एकाच फळीवर सुकत होते. नंबर चुकून मामीच्या जबड्यावर पडला होता. जो बिननंबरी राहिला तो पोस्टातल्या बाईंचा, आणि मामांनी तो घरचा समजून त्यावर मामीची कवळी केली. पोस्टातल्या बाई तीनदा कवळी परत घेऊन आल्या होत्या. मामांनी त्यांना ऐकवलं होतं, "बाई, तोंडच वाकडं असेल तर मी काय करू?" त्या चौथ्यांदा आल्या नाहीत. मामी कुठे जाणार? ती म्हणायची, मधोमध टोचतंय हो. मामा मधोमध घासून द्यायचे. पुन्हा टोचायचं, पुन्हा घासायचे. अकरा वर्षं घासून कवळी मध्ये इतकी पातळ झाली होती की पलीकडचं बोट दिसावं. आणि वर पाहुण्यांसमोर टोमणा ठरलेला: "दोन हजार माणसं माझ्या दातांनी खातात, आमच्या हिलाच तेवढं टोचतं!" आम्ही सगळे हसायचो. मीही हसलोय. मामीही हसायची, तोंडावर हात धरून.

"अकराशे चाळीस कुठाय?" मामा उठले. नंबरवाली फळी रिकामी होती. "अहो थांबा! थांबवा गाडी!"

ज्या माणसाला मोरीपर्यंत जायला भिंत लागायची तो अंगणात धावला. गाडीत तेरा गोण्या होत्या. मुकादम म्हणाला, "काका, वेडेपणा करू नका, चुरा झालाय सगळा." मामांनी पहिली गोणी स्वतः ओढून उलटी केली. मग दुसरी. चुऱ्यात गुडघे टेकून ते तुकडे उचलत होते, अंगठा फिरवत होते, टाकत होते. ट्रक आला, हॉर्न वाजवून थकला. नवे मालक आले आणि फाटकाशी तोंड उघडं टाकून उभे राहिले. अंगणभर जबडे आणि मध्ये पांढराफटक म्हातारा.

आठव्या गोणीत सापडला. डावा कोपरा उडालेला, पण बुडाला अकराशे चाळीस आणि टाळूवर टेकडी. मामांनी अंगठा टेकडीवर ठेवला आणि उचललाच नाही.

"तेव्हा दिसलं नाही तुम्हाला, बाबा?" ताईने विचारलं. रागाने नव्हे, पण विचारलंच.

"तेव्हा बघितलंच कुठे? नंबर बघितला." मग त्यांनीच विचारलं, "ती तुला कधी काही बोलली होती?"

ताईने खोटं बोलायला हवं होतं. तिला ते जमत नाही, हा आईकडून आलेला दोष.

"तुम्ही कामाला बसलात की ती कवळी काढून ठेवायची. सगळं कुस्करून गिळायची. तुमच्या खोलीचं दार वाजलं की घालायची. मला म्हणायची, सांगू नकोस, त्यांच्या हाताला नावं ठेवल्यासारखं होईल."

 ताईने धरून उठवलं तेव्हा मामा उठले, ट्रकमध्ये पुढे बसले, आणि नवं घर येईपर्यंत जबडा मांडीवर धरून होते.

पंधरा दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. खोकी तशीच बांधलेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र स्पिरिटचा दिवा, मेण आणि अकराशे चाळीस. उडालेला कोपरा त्यांनी प्लास्टरने भरून घेतला होता. वरची कवळी पुरी झाली होती. दात बारीक, किंचित पिवळसर, मामीच्या वयाला शोभतील असे. मी कुणासाठी ते विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे. त्यांनी कवळी जबड्यावर ठेवली. टक्. टेकडीला बरोबर जागा ठेवलेली.

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मामा, अगदी फिट बसली हो!"

मामांनी दिवा फुंकला.

"प्लास्टरवर तर पहिलीसुद्धा बसली होती," ते म्हणाले.