कानाशी धरलेला कॅमेरा

कॅमेरा हातात आला की माणूस तो डोळ्याला लावतो. हे गृहस्थ कानाला लावायचे. खटका दाबायचे, डोळे मिटायचे आणि डॉक्टरनं छातीवर नळी ठेवून ऐकावं तसे आतली घरघर ऐकत राहायचे. आतला पडदा नीट उघडून मिटला की मान हलवायचे आणि म्हणायचे, "हाय. जीव हाय अजून." अडकला, तर त्यांचं तोंड उतरायचं. घरातलं कुणी आजारी पडलं तरी ते इतकं उतरत नसावं.

माझा सोलापुरात फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे पाटी आहे. पूर्वी रोल धुवायचो. आता पासपोर्टचे फोटो काढतो, एखाददुसरी लग्नाची ऑर्डर घेतो, झेरॉक्स मारतो आणि गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देतो. हा शेवटचा धंदा बारमाही. माणूस जातो, मग घरच्यांना आठवतं की त्याचा धड फोटोच नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचा फोटो घेऊन येतात, त्यातलं तोंड मी उचलतो, मागं निळं आभाळ टाकतो, अंगात कोट घालतो. घराघरांत हार घातलेले जे फोटो तुम्ही बघता, त्यातले बरेचसे असे जेवणावरून उठवलेले असतात.

आमचे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्या दुकानामागच्याच बोळात राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला "फोटोवाले" म्हणायचे. जुने रोलचे कॅमेरे विकत घ्यायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्यांचा नाद. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतं, कुणी सुनेच्या मागं लागतं. हे कॅमेऱ्यांच्या मागं लागले.

मंगळवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगापुढं ते उकिडवे बसलेले दिसायचे. बाकीचे दिवस एसटीनं गावं पालथी घालायचे. करकंबला एक स्टुडिओ बंद पडला, हे हजर. मंगळवेढ्याला एक म्हातारा फोटोग्राफर गेला, त्याचे दिवस व्हायच्या आत हे पिशवी घेऊन दारात. मला कधी रस्त्यात भेटून तब्येत विचारली की मला शंका यायची, हे माझी तब्येत विचारतायत की माझ्या कपाटातल्या कॅमेऱ्याची. एकदा तोंडावर तसं म्हणालोही. ते अजिबात न लाजता म्हणाले, "दोघांची."

दुरुस्तीचा कारखाना बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर. घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे, स्पिरिटची बाटली, कानात घालायच्या काड्या. वाळून घट्ट झालेलं वंगण पुसायचं, भिंगावरची बुरशी काढायची, उजेड अडवणाऱ्या कुजलेल्या पट्टीच्या जागी काळी मखमल चिकटवायची. आणि काढलेले स्क्रू कुठं ठेवायचे? इडलीपात्राच्या ताटल्यांत. पहिल्या खळग्यात पहिला स्क्रू, दुसऱ्यात दुसरा, म्हणजे लावताना क्रम चुकत नाही. पद्धत बिनतोड होती. फक्त त्या घरात इडली होणं बंद झालं. काकूंनी नवीन पात्र आणलं, तर त्यात दुसरा कॅमेरा उघडला गेला.

काकू फटकळ होत्या. मला त्या आवडायच्या. नवऱ्याशी भांडण कानडीत, माझ्याकडं तक्रार मराठीत. "साक्‌ री," असं त्या आतून ओरडायच्या, म्हणजे पुरे आता. काका ऐकू न आल्यासारखं कॅमेऱ्याचंच ऐकत बसायचे.

काकूंची एकच मागणी होती आणि ती सगळ्या बोळाला पाठ होती. स्वतःचा एक चांगला फोटो. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी निम्मं तोंड झाकलेलं. त्यानंतर जो काही फोटो असेल त्यात त्या मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागं. कपाटातल्या कॅमेऱ्यांकडं हात करून एकदा मला म्हणाल्या, "एवढे डोळे हायत बघा घरात. एक तरी माझ्याकडं बघतोय का?"

काकांचं उत्तर ठरलेलं. "थांब की. हा एकदा नीट होऊ दे."

तो नीट व्हायचा. मग खटका दाबून, कानाशी धरून, पसंतीची मान हलवून काका तो कपाटात ठेवायचे आणि पुढचा उघडायचे. त्यात रोल म्हणून घालायचे नाहीत. रोल आता मुंबईहून मागवावा लागतो, तो असल्या तसल्या कॅमेऱ्यात घालून चालणार नाही, असं म्हणणं. मला राग यायचा. विहिरी खणत सुटायचं आणि पाणी म्हणून प्यायचं नाही, ही कसली हौस? पण नाद करणाऱ्याला हे सांगण्यात अर्थ नसतो.

तुम्ही म्हणाल, आजच्या दिवसांत फोटोला काय तोटा? पुण्याहून मुलगी यायची, तिच्या हातात चांगला फोन. पण काकूही कमी हट्टी नव्हत्या. फोन वर झाला की तोंडापुढं तळवा धरायच्या नाहीतर पदर ओढायच्या. "तुझ्या बापाला काढू दे आधी," म्हणायच्या. मुलीच्या फोनमध्ये आईचे कितीतरी फोटो होते आणि प्रत्येकात एक हात.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. काकूंना न सांगताच कळलं. त्यांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं, आता तुमचा कुठला का असेना एक कॅमेरा नीट झाला असं समजा.

त्या वेळी काका खरंच हलले. कपाटातला सगळ्यात लाडका, एक जर्मन कॅमेरा काढला. मुंबईहून रोल मागवला. मी म्हणालो, रोल मी भरून देतो. तर म्हणाले, "भरतो की मी. हे आतनं बाहेरनं सगळं माज्या हाताखालचं हाय." मी मंगळवेढ्याला लग्नाच्या ऑर्डरीवर निघालो होतो, त्यामुळं त्या सकाळी मी नव्हतो. पुढचं मुलीनं सांगितलं.

काकूंनी हिरवं इरकल नेसलं. गळ्यात सैल झालेली बोरमाळ. त्यांना उचलूनच गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवलं. काकांनी फर्मान काढलं की एकाही फोननं मध्ये यायचं नाही. मुलीचा आणि जावयाचा फोन घेऊन चक्क पिठाच्या डब्यात ठेवला. मग काढायला लागले. समोरून, बाजूनं, वाकून, कट्ट्यावर चढून. काकूंनी तोंडापुढं हात धरला नाही. पदर सारखा केला, लाजल्या, नवऱ्याच्या कसरती बघून पोट धरून हसल्या, दुखलं म्हणून गप्प झाल्या, पुन्हा हसल्या. आई इतकी मोकळी हसताना मी जन्मात बघितली नव्हती, असं मुलगी म्हणाली. उन्हं चढेपर्यंत सगळा रोल संपला.

दुसऱ्या दिवशी रोल माझ्याकडं आला. त्यांच्यासाठी म्हणून मी रसायनं राखून ठेवली होती. अंधाऱ्या खोलीत रोल धुतला आणि उजेडात धरला. सुरुवातीचा बोटभर तुकडा काळा, पुढं शेवटपर्यंत काचेसारखा लख्ख. एक सावलीसुद्धा नाही.

काय झालं ते मला लगेच कळलं. रोलचं टोक फिल्म गुंडाळणाऱ्या पलीकडच्या चक्रीत अडकलंच नव्हतं. खटका वाजत होता, आकडा पुढं सरकत होता, पडदा झकास उघडत मिटत होता आणि फिल्म जागची हलली नव्हती. असं झालं की फिल्म पुढं सरकवायचा दांडा ओढताना हाताला कळतं. भरलेल्या कॅमेऱ्याचा दांडा जड लागतो, रिकाम्याचा हलका. नवशिक्या पोरालाही शंका येते. पण काकांनी इतकी वर्षं रिकामेच कॅमेरे ओढले होते. त्यांच्या हाताला हलका दांडा हाच बरोबर वाटायचा. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

मी त्यांना दुकानात बोलावून फिल्म दाखवली. ती त्यांनी बराच वेळ उजेडात धरली, उलटी करून धरली. मी म्हणालो, काका, जे झालं ते झालं. आत्ताच्या आत्ता चला, माझा कॅमेरा घेऊ, पुन्हा काढू. त्यांनी नकाराची मान हलवली.

"हितं कुटंतरी चक्रीत दोष हाय. बघतो. हा एकदा नीट होऊ दे."

मी चिडलो. दोष चक्रीत नाही, टोक अडकवायचं राहिलं, असं अगदी शब्द तोडून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही किंवा त्यांना ऐकवलं नाही. घरी जाऊन त्यांनी तो जर्मन कॅमेरा पार शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडला. आतल्या खोलीत बायको दिवसागणिक विझत होती आणि हा माणूस बाहेर इडलीच्या ताटलीपुढं भिंग लावून बसला होता. तुम्हाला यात प्रेम दिसत असेल तर दिसो. मला तेव्हा दिसलं नाही आणि आताही फारसं दिसत नाही.

शेवटी मीच माझा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो. काकू उशीला टेकून होत्या. मी कॅमेरा वर केला, तसा त्यांनी सवयीनं तळवा पुढं केला. म्हणाल्या, "आता कशाला? ह्यांनी काढलेत की लई. धुवून आले का?"

काका दारात उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले.

"रोल अजून वाळतोय," काका म्हणाले.

"वाळू दे," काकू म्हणाल्या. "त्यातला हसतानाचा मोठा करा. माळ घालून भिंतीवरचा पण तोच लावा. मेल्यावर तरी हसू दे मला."

मी कॅमेरा पिशवीत घातला. त्या आठवड्यातच काकू गेल्या. तोवर जर्मन कॅमेऱ्याचे भाग ताटल्यांतच होते.

तिसऱ्या दिवशी काका दुकानात आले आणि काकूंचं आधार कार्ड काउंटरवर ठेवलं. हेच मोठं करा म्हणाले. तुम्हाला माहीतच आहे तो फोटो कसा असतो. माणसाला चोरीच्या संशयावरून पकडून आणल्यासारखा. मी जमेल तेवढं केलं. डोळ्यांखालचं काळं उजळलं, मागं आभाळ दिलं, पदराला हिरवा रंग दिला. हसू देता आलं नाही. ते मुळात असावं लागतं. फोटो भिंतीवर लागला, त्याला माळ पडली. मुलगी त्या फोटोकडं पाठ करूनच बसायची. बारावं तेरावं उरकून ती पुण्याला गेली आणि बापाला फोन करणं तिनं सोडून दिलं. रोलचं काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी नाही.

महिनाभरानं काका तो जर्मन कॅमेरा घेऊन हसतमुखानं दुकानात आले. म्हणाले, "सापडला की दोष. चक्रीचा दात झिजला होता." मला खरंच वाटलं, तो कॅमेरा हिसकून रस्त्यावर आपटावा. मग त्यांच्या शर्टाकडं लक्ष गेलं. बटणं खालीवर लागली होती, गळ्यापाशी पिठलं वाळलेलं. हा माणूस हसत नव्हता, त्याच्या तोंडाला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच. मी चहा मागवला. त्यांनी तो निम्मा तसाच ठेवला.

त्यानंतर एकदाच त्यांनी रोल आणून दिला. म्हणाले, "या खेपेला बरोबर धरलंय. दांडा जड लागत होता." काय काढलंय ते सांगितलं नाही. मला लग्नसराईची घाई होती, रोल धुवून फोटो छापायला सवड झाली तोवर काका गेले होते. झोपेतच गेले. दूधवाल्यानं शेजाऱ्यांना हाक मारली, शेजाऱ्यांनी पुण्याला कळवलं.

मुलगी दुकानात आली ती बाबांचा फोटो मागायला. तुमच्याकडं असेल एखादा, एवढी वर्षं येत होते, म्हणाली. माझ्याकडं नव्हता. कॅमेऱ्यासमोर तो माणूस कधी आलाच नाही. मी तिला ते नवे छापलेले फोटो दिले. तिच्या वडिलांचा शेवटचा रोल आहे, एवढंच सांगितलं.

या खेपेला फिल्म खरंच सरकली होती. सगळे फोटो एकाच गोष्टीचे होते, भिंतीवरच्या काकूंचे. समोरून, जवळून, लांबून, बहुतेक स्टुलावर चढूनही. नेम अचूक, उजेड बेतशीर. पण चौकटीतल्या फोटोचा फोटो काढताना आधी काच काढायची असते. धंद्यात पहिल्या आठवड्यात ही गोष्ट शिकतात. काकांनी काढली नव्हती. प्रत्येक फोटोत काचेवर त्यांचं प्रतिबिंब उमटलं होतं, दोन हात आणि मधोमध कॅमेरा. तो कॅमेरा नेमका काकूंच्या चेहऱ्यावर आला होता.

मुलीनं सगळे फोटो एकेक करून बघितले. मग मला विचारलं, "यात बाबांचं तोंड कुठाय?"

"कॅमेऱ्यामागं," मी म्हणालो.

"आईपुढं तरी एकदा खाली ठेवायचा की," ती म्हणाली.

तिनं डोळे पुसले, फोटोंचा गठ्ठा नीट सारखा केला आणि माझ्याकडं परत सरकवला. त्यातला एकही तिनं नेला नाही.