उपाशी पेशींची बाटली

पेशींच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मापाडीबाई म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच, पेशींचं जेवण बनवायचं. अमिनो आम्लं, साखर, क्षार काट्यावर तोलायचे, पाण्यात विरघळवून गाळायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. पूर्ण जेवणाला निळी चिठ्ठी. उपासाच्या बाटलीला, म्हणजे अमिनो आम्लं वगळलेल्या, पिवळी. तळघरातल्या तिच्या खोलीत काट्याखेरीज सोबतीला कुणी नसे.

घरी ती आणि आजारी थोरली बहीण. बहीण गेली, आणि चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. घर खायला उठत होतं.

आठवड्याभराने वरच्या मजल्यावरची संशोधक मुलगी खाली आली. तोंड एवढंसं झालेलं.

"मावशी, उपाशी ठेवलेल्या पेशी खुशाल वाढताहेत. माझं काय चुकतंय तेच कळत नाही."

बाईने वही काढली, नोंदीवरून बोट फिरवलं. अमिनो आम्लांच्या वजनांपाशी ते थांबलं.

"तुझं नाही गं, माझं चुकलं. पिवळ्या बाटलीत सगळंच घातलंय मी. ही बनवली त्या सकाळी घरीसुद्धा दोघींचा स्वयंपाक करून बसले होते."

"दोघींचा म्हणजे? ताईंचं दुखणं वाढलंय का?"

"गेली ती."

बाईने लगेच नवी बाटली बनवली. तिच्यातल्या पेशी काही तास उपाशी राहिल्यावर मुलगी बाईला वर घेऊन गेली, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. अंधारात हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"पेशीत एक कळ असते, मावशी. अन्न मिळतंय तोवर ती चालू. पेशी वाढते, स्वतःला खाणं दबलेलं राहतं. अन्न तुटलं की कळ बंद. वाढ थांबते, आणि पेशी आपलाच मोडका माल पिशव्यांत भरून पचवते. ठिपके म्हणजे त्या पिशव्या. त्या मालातून अमिनो आम्लं सुटली की कळ पुन्हा थोडी चालू होते."

"आणि फारच दिवस उपाशी ठेवलं तर?"

"आतलंही संपतं. मग मरतात."

बाई बराच वेळ भिंगापासून हलली नाही. इतकी वर्षं ज्यांना जेवू घातलं, त्यांचं तोंड आज पाहिलं.

"वाटेल तेव्हा या वर," मुलगी म्हणाली.

चार दिवसांनी बाई शिपायाच्या हाती न देता बाटल्यांचा ट्रे घेऊन स्वतः वर गेली. मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती, भोवती तिघं-चौघं हसत होते. बाईने बाटल्या टेबलावर ठेवल्या. कुणी वळून पाहिलं नाही. ती खाली आली. पेशींचं अजून सहा लिटर जेवण बनवायचं राहिलं होतं.