म्हाळूबाबांचं बोट फेडरवर

गाणं सुरू झालं. ढोल आला, झांज आली, मागं साथ धरणाऱ्यांची झील आली. म्हाळूबाबांचा आवाज काही आला नाही.

दसऱ्याची सकाळ, नऊ वाजलेले. परभणीत माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. तिथं पेडगावचे म्हाळूबाबा आणि त्यांची मुलगी कौसाबाई पेन ड्राइव्ह न्यायला आले होते. मीच मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "न्यायच्या आधी एकदा ऐकून तर जा." आता माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊ, बाबाचा आवाज कुठंय?" कौसाबाईनं विचारलं.

"येतो, येतो. सुरुवातीला नुसता ढोलच असतो ना."

"ढोल कवाच झाला. आता बाबाची ओवी चालू हाय इथं."

बाबांना बोलताच येत नव्हतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात त्यांची धनगरी ओवी मी रेकॉर्ड करून घेतली होती. दरसाल दसऱ्याला देवळापुढं ओवी त्यांचीच. यंदा गावानं ठरवलं, रेकॉर्ड नीट असेल तर तीच वाजवू, नसेल तर बोरीचं मंडळ गाईल. दुपारी एकपर्यंत काय ते सांगायचं होतं.

मला राग आला की मी आधी कॉम्प्युटरला शिव्या देतो, मग लाइटवाल्यांना. दोन्ही देऊन झाल्या. मग डोकं लावलं.

माझ्याकडं कंट्रोल सरफेस नावाचं यंत्र आहे. त्यावर आठ फेडर, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दांड्या. यातून आवाज जात नाही. ते फक्त कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरला सांगतं, हा आवाज वाढव, तो कमी कर. हेच माऊसनं करता येतं, पण ते म्हणजे चिमट्यानं भात खाणं. फेडरवर बोट ठेवून गाणं ऐकत हात चालवता येतो. तुम्ही केलेली प्रत्येक हालचाल सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. पुढच्या वेळी गाणं लावलं की मोटरवर फेडर आपोआप तसेच हलतात. फेडरच्या वरच्या टोपीला बोट लागलं की मोटर सोडून देते, आणि लिहिण्याचं बटन चालू असेल तर जुनं पुसून नवं लिहिलं जातं.

बाबांच्या ओवीला हे लय लागतं. ते गाताना एका जागी उभे राहतच नाहीत. एक ओळ माईकवर, दुसरी ढोलाकडं वळून. आवाज कधी अंगावर येतो, कधी विहिरीत जातो. तीन दिवस बसून मी ओळ न् ओळ सारखी केली होती.

आणि आता बाबांच्या आवाजाचा फेडर अगदी खाली पडून होता. सुरुवातीच्या ढोलाच्या वेळी जिथं होता, तिथंच. शेवटपर्यंत.

बायको, सुरेखा, चहा घेऊन आली. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झालं वो?"

"काल मशीनला कुणी हात लावला होता का?"

"कोण लावंल? काल खंडेनवमी नव्हती का? हळदकुंकू वाहिलं, हार घातला. झेंडूचा. ओला करून घातला होता मी, सुकू नये म्हणून."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाइलच्या काचेवर पाणी पडलं की तो कसा येड्यासारखा करतो? तसंच. ओला हार टोप्यांवर आडवा पडलेला. मशीनला वाटलं, बोट आहे.

पण नुसत्या हारानं काही बिघडत नाही, गाणं वाजावं लागतं. ते मी वाजवलं होतं. खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात, ते वापरत नाहीत. म्हणून मी यंत्राला हातही न लावता कीबोर्डवरनं गाणं लावलं, म्हटलं देवालाही ऐकू दे. मग शेजारी आले, त्यांना पेढे देत बसलो. गाणं बाहेर वाजतंय आणि आत माझी तीन दिवसांची मेहनत पुसली जातेय. संध्याकाळी सवयीनं सेव्ह केलं आणि बंद केलं. लिहिण्याचं बटन आधीच्या कामापासून चालूच राहिलेलं. आता सुरेखाला कुठल्या तोंडानं रागावणार?

जुनी कॉपी शोधली. होती, पण पहिल्या दिवसाची; पेन ड्राइव्हवर तर अजून काही उतरवलंच नव्हतं.

"मूळ आवाज शाबूत आहे," मी कौसाबाईला सांगितलं. "वर-खाली तेवढं परत करावं लागंल."

"किती वेळ?"

"तीन दिवस लागले होते."

तिनं खाली बघितलं. "मग बोरीवाल्यांना फोन करू का?"

बाबांनी मान जोरात हलवली. उठले, माझ्या खुर्चीपाशी आले आणि फेडरकडं बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"बाबा म्हणायलेत, मी करतो," कौसाबाई म्हणाली.

मी उठलो. दुसरं करणार काय? हार काढला, टोप्या कोरड्या पुसल्या, बाबांचं बोट फेडरवर ठेवलं. पहिल्या वेळी त्यांनी एवढा जोर लावला की स्पीकर किंचाळले. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले.

काय सांगू! मी आवाज पडल्यावर वर घ्यायचो. बाबा पडायच्या आधीच घ्यायचे. कुठं वळलो, कुठं श्वास घेतला, सगळं त्या माणसाच्या अंगात होतं. मेंढ्यांची लोकर कातरलेलं ते जाड बोट इतकं हलकं चालत होतं की मला भरून आलं.

एका ओळीला मात्र त्यांनी स्वतःचा आवाज पार खाली घेतला. नेमकी तीच ओळ मला सगळ्यात जड गेली होती. मीच ती ओढूनताणून वर आणली होती.

"बाबा, इथं वाढवायचं," मी म्हणालो.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ओठ हलवून मुलीला काहीतरी सांगितलं. ती हसली. "तिथं बाबा शब्द इसरले होते. गणपाकाकानं मागून धरलं, म्हणून ओवी तुटली न्हाई. त्याचा आवाज ऐकू येऊ द्या, म्हणायलेत."

झील धरणाऱ्या गणपाकाकांचा ट्रॅक मी वर घेतला. खरंच, बाबा नुसते गुणगुणत होते. शब्द सगळे गणपाकाकांचे.

साडेअकराला ते पेन ड्राइव्ह घेऊन गेले. संध्याकाळी कौसाबाईचा फोन आला. ओवी देवळापुढं वाजली, लोक शेवटपर्यंत बसले. त्या ओळीला गणपाकाका उठून बाबांच्या पाया पडले.

तेव्हापासून मिक्सिंग झालं की गाणाऱ्याला एकदा फेडरपुढं बसवतो. निम्मे जण स्वतःचा आवाज वाढवतात आणि खूश होऊन घरी जातात. जे कमी करतात, त्यांना मी कारण विचारतो.