थेंब घालून बसलेली माणसं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातलेल्यांची एक रांग बसलेली असते. भिंतीला टेकून, मान थोडी मागे, डोळे मिटलेले. मागच्या एप्रिलमध्ये मी तशीच बसले होते. सातारा रस्त्यावरची इमारत, खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि तिसऱ्या मजल्यावर हा दवाखाना. मोतीबिंदू कितपत पिकलाय ते बघायचं होतं. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असं नर्सनं बजावलं होतं.

हे शेजारच्या खुर्चीत माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात खाली गाड्या उचलणारा टेम्पो आलाय असं कुणीतरी आत येऊन सांगितलं. "आलोच," म्हणाले आणि आमची स्कूटर हलवायला गेले. पर्स त्यांच्याबरोबरच गेली, पर्समध्ये माझा फोन.

थोड्या वेळानं जळका वास यायला लागला. प्लास्टिक जळावं तसा.

"कुणाची तरी वायर जळतेय," माझ्या उजवीकडचे काका म्हणाले. आवाजावरून सत्तरीच्या पुढचे वाटले.

"एसीचा असेल वास," पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"एसीला असा वास येत नाही."

"आमच्याकडे येतो."

आम्ही सगळे डोळे मिटून हे बोलत होतो. उठलं कुणीच नाही. मग पंखा थांबला, एसीची घरघर थांबली. "लाइट गेली," कुणीतरी म्हणालं आणि जरा बरंच वाटलं, जणू लाइट गेली म्हटल्यावर वासाचंही कारण कळलं होतं.

मी डोळे उघडले. सगळं पांढुरकं, धूसर दिसलं. थेंबांमुळे असेल म्हणून परत मिटून घेतले. धूर आहे हे कळलं ते खोकला आल्यावर.

रिसेप्शनवरची मुलगी आली. "खालच्या मजल्यावर काहीतरी पेटलंय. सगळ्यांनी बाहेर चला, प्लीज."

माणसं उठली. काका बसूनच राहिले. "माझा नंबर पुढचाच आहे. परत आल्यावर पहिल्यापासून रांग लावायची का?"

"नाही काका, तुमचा नंबर तोच राहील."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा ते उठले. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा आता तपासणी लांबणार आणि थेंब वाया जाणार याच काळजीत होते.

सगळे पुढच्या दाराकडे गेले, कारण चपला तिथे होत्या. दवाखान्यात चपला बाहेर रॅकवर काढायची पद्धत. दारात वाकलेल्या माणसांची गर्दी झाली. जवळचं कुणालाच दिसत नव्हतं. कुणी चप्पल हातात घेऊन लांब धरून बघत होतं, कुणी अंगठा चाचपत होतं. "ही माझी नाही. माझीला टाका मारलेला आहे," एक बाई म्हणत होत्या. एक गृहस्थ लिफ्टचं बटण परत परत दाबत होते. समोरच्या जिन्यातून धूर वर येत होता, तरी चारपाच जण नाकाला रुमाल लावून त्याच जिन्यानं खाली गेले.

एवढ्यात डॉक्टर बाहेर आल्या. तिशीतली मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची. "चपला राहू द्या. मागच्या जिन्यानं चला."

कुणी हललं नाही. आम्ही सगळे पुढून आलो होतो. मागे जिना आहे हे त्यांनी सांगितलं म्हणून खरं, पण तो कुणी पाहिलेला नव्हता, आणि चपला तर इथेच होत्या. त्यांनी परत तेच सांगितलं, तेवढ्याच शांतपणे. मग हाताशी लागला तो माझा हात धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

"काकू, हात सोडायचा नाही. काका, तुम्ही काकूंच्या खांद्यावर ठेवा. असंच सगळ्यांनी."

एक जण निघाला म्हटल्यावर बाकीचे आपोआप मागे आले. तपासणीच्या खोलीतून, चहाच्या ओट्याजवळून आम्ही एका दाराशी पोचलो. दारापुढे खोकी रचलेली होती. रिसेप्शनवरच्या मुलीनं ती पायानंच बाजूला लोटली. जिना अरुंद होता, पण तिथे धूर नव्हता.

"मला पायरी दिसत नाहीये," मागून काका म्हणाले.

"मलाही नाही."

"मग पुढे कशाला उभ्या राहिलात?"

"माझ्या पुढे डॉक्टर आहेत."

"त्यांना दिसतंय ना?"

"दिसतंय काका," डॉक्टर म्हणाल्या. "आता वळण आहे. भिंतीला हात लावा."

हे वाक्य एकेकानं मागच्याला सांगितलं. वळण आहे, भिंतीला हात लावा. वळण आहे, भिंतीला हात लावा.

खाली आलो ते इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये. थेंब घातलेल्या डोळ्यांना एप्रिलचं ऊन सोसवेना, पापण्या उघडेचनात. पायाखालची फरशी तापलेली आणि आम्ही अनवाणी. कुंपणाच्या भिंतीलगत सावलीची एक पट्टी होती, तिच्यात सगळे दाटीवाटीनं उभे राहिलो. डॉक्टर एकेकाला हात लावून मोजत होत्या.

तेव्हा मला हे आठवले. इतका वेळ ते खाली आहेत, बाहेर आहेत, ठीक आहेत असंच मी धरून चालले होते. पण ते मला कुठे शोधत असतील? मी पुढच्या बाजूला निघाले, तर डॉक्टरांनी दंड धरला. "तुम्हाला दिसत नाहीये, काकू. पुढे बंब येतोय."

रिसेप्शनवरच्या मुलीला मी यांचा नंबर सांगितला. तो पाठ आहे.

"बिझी येतोय," ती म्हणाली. परत लावला. परत बिझी.

पुढे काय झालं होतं ते मला नंतर कळलं. स्कूटर कोपऱ्यावर लावून हे परत आले, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून धूर निघत होता. वरचे सगळे उतरले, असं वॉचमन म्हणाला. यांनी रस्त्यावरची माणसं बघितली, त्यांत मी नव्हते. मग ते वर गेले. गुडघ्यांमुळे घरी माळ्यावरचा डबा काढायलासुद्धा स्टुलावर न चढणारा माणूस त्या धुरातून तीन मजले चढला. दवाखान्याच्या दारात रॅकवर माझ्या चपला दिसल्या.

"चपला आहेत म्हणजे तू आतच," संध्याकाळी ते मला म्हणाले. "साधा हिशेब होता."

आत एकेका खोलीत त्यांनी मला हाका मारल्या. मग फोन लावला. रिंग ऐकू आली, म्हणून आवाजाच्या मागे या खोलीतून त्या खोलीत फिरले. आवाज काही जवळ येईना, लांबही जाईना. फोन त्यांच्याच काखेतल्या पर्समध्ये वाजत होता, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. तेव्हा मागचं उघडं दार दिसलं.

मागच्या जिन्यातून कुणीतरी खोकत उतरतंय एवढं मला ऐकू आलं. खोकला ओळखीचा होता.

"अहो," मी म्हटलं.

"हं." ते जवळ आले आणि माझ्या पायांशी चपला ठेवल्या. "घाल. पाय भाजतील." मग पायरीवर बसले आणि खोकत राहिले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. शर्टाला त्या जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मला चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून मी हातानं चाचपला. एरवी चारचौघांत असं केलं नसतं. त्यांनीही मान बाजूला घेतली नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पेटल्या होत्या. बंबवाल्यांनी आग लवकर विझवली. कुणाला इजा झाली नाही. यांना त्यांनी गाडीतून जवळच्या दवाखान्यात नेलं, थोडा वेळ ऑक्सिजन लावला आणि दुपारी घरी सोडलं. चपला घ्यायला काका नंतर वर जाऊन आले म्हणे. नंबराचं काय झालं ते मला माहीत नाही.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तू खाली आलीस, मी नाही दिसलो. तुला काय वाटलं?"

"वाटलं, तुम्ही चहा पीत असाल."

"छान."

आमटी वाढताना मी म्हटलं, "पुढे कधी असं झालं तर आपण एक ठरवू. कुणी कुणाला शोधायला वर जायचं नाही. दोघांनी बाहेर येऊन स्कूटरपाशी थांबायचं."

"आणि तू आली नाहीस तर?"

"येईन."

"नाही आलीस तर?"

मी आमटीचा डाव परत भांड्यात ठेवला. त्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आमटी छान झालीय." त्यावर आम्ही परत काही ठरवलेलं नाही.